फुलवेली आणि माळ्याची कात्री

वृक्षाला त्याचा बुंधा उभा करतो. वेलीला दुसऱ्याचा आधार लागतो. म्हणून ज्या ज्या समाजानें वेल दारीं लावली, त्या त्या समाजाला तिच्यासाठीं प्रथम मांडव उभारावा लागला, आणि मांडव उभारतांना आपल्या घराचा, ऋतूंचा व आवडीनिवडीचा विचार करावा लागला. त्यामुळें बागेंतील फुलवेलींचा इतिहास हा नुसता वनस्पतींचा इतिहास राहत नाहीं. तो माणसांच्या प्रवासाचा, श्रद्धांचा आणि कधीं कधीं अविवेकाचाहि इतिहास होतो.

या अविवेकाचें एक उदाहरण शहरांतील बंगल्यांतून दरवर्षीं पाहावयास मिळतें. दिवाळी जवळ येते, भिंतींना रंगसफेदी करावयाची असते, आणि माळी कात्री घेऊन येतो. फाटकावरची बोगनवेल, कुंपणालगतचा मोगरा, भिंतीवर पसरलेली संक्रांतवेल या सर्वांना तो एकाच दिवशीं, एकाच मापानें छाटतो. मोगऱ्याचें फारसें बिघडत नाहीं. बोगनवेल थोड्या महिन्यांत सांवरते. परंतु संक्रांत उजाडते तेव्हां संक्रांतवेलीवर एकहि फूल नसतें. घरधनी खताला दोष देतो, मातीला दोष देतो. दोष असतो तो कात्रीच्या मुहूर्ताचा. कोणती वेल केव्हां कापावी याचें ज्ञान माणसाला हळूहळू, अनेक शतकांच्या निरीक्षणानें मिळालेलें आहे, आणि ज्या क्रमानें या वेली आपल्या दारीं आल्या तो क्रम पाहिला म्हणजे त्या ज्ञानाचा अर्थहि उलगडतो.

या देशांतील बागांचा सर्वांत जुना वेलपरिवार म्हणजे जाई, जुई, कुंद, मोगरा आणि माधवी. संस्कृत साहित्यांत लतामंडपावांचून उपवनाचें वर्णन क्वचितच पुरें होतें. कालिदासाच्या शाकुंतलांत कण्वाच्या आश्रमांतील नवमालिकेला शकुंतलेनें वनज्योत्स्ना असें नांव दिलेलें आहे. ती वेल आम्रवृक्षावर चढली तेव्हां तिनें आपण होऊन वर निवडला असें आश्रमकन्या मानतात, आणि सासरीं निघतांना शकुंतला त्या वेलीला भेटल्याशिवाय आश्रम सोडीत नाहीं. विक्रमोर्वशीयांत तर उर्वशीच वेल होते व पुरूरवा तिला आलिंगन देतो तेव्हां ती पुन्हा स्त्रीरूपास येते. या कल्पनांमागें एक साधें निरीक्षण आहे: वेलीचें सुख तिच्या आधारावर अवलंबून असतें. वेल निवडतांना तिचा आधारहि निवडावा लागतो, ही गोष्ट कवींनीं माळ्यांच्याहि आधीं लिहून ठेवली.

परंतु जुन्या ग्रंथांत केवळ काव्यच आहे असें नव्हे. सहाव्या शतकांतील वराहमिहिरानें आपल्या बृहत्संहितेंत वृक्षायुर्वेदावर एक स्वतंत्र अध्याय लिहिला. फांदी शेणानें लिंपून लावावी अशा वनस्पतींची जी यादी त्यांत आहे, तींत फणस, डाळिंब, द्राक्ष यांच्याबरोबर अतिमुक्तक, म्हणजे बहुतेकांच्या मतें माधवी, हिचाहि समावेश आहे. रोगट झाडाच्या उपचाराचा जो क्रम त्यानें सांगितला आहे तो तर आजच्या माळ्यालाहि मान्य व्हावा: प्रथम शस्त्रानें रोगट भाग दूर करावा, नंतर वावडिंग, तूप व चिखल यांचा लेप द्यावा, आणि मग दूध मिसळलेलें पाणी शिंपावें. औषधाच्या आधीं शस्त्र, हा त्याचा क्रम होय. छाटणी म्हणजे झाडाला शिक्षा नसून चिकित्सा आहे, ही दृष्टि या भूमीला चौदा शतकांपूर्वीच लाभलेली होती.

या देशी परिवारांत परदेशी पाहुण्या येऊं लागल्या त्या युरोपियन दर्यावर्दींनीं अमेरिका खंडाशीं संबंध जोडल्यानंतर. त्यांपैकीं कृष्णकमळाची कथा विशेष बोधप्रद आहे. दक्षिण अमेरिकेंतील या वेलीचें फूल प्रथम पाहिलें तेव्हां स्पॅनिश धर्मोपदेशकांना त्यांत ख्रिस्ताच्या अंतकाळाचें चित्र दिसलें. मधल्या तीन टोंकांत त्यांना क्रूसाचे तीन खिळे दिसले, पांच पुंकेसरांत पांच जखमा दिसल्या, आणि भोंवतालच्या तंतूंच्या कड्यांत कांट्यांचा मुकुट दिसला. रोम येथील जाकोमो बोझिओ यानें इ. स. १६१० च्या सुमारास आपल्या ग्रंथांत या फुलाचें वर्णन केलें आणि तें सर्व युरोपांत गाजलें. पुढें तीच वेल आपल्याकडे आली. येथील माणसानेंहि तेच तंतू मोजले, तेच पांच केसर पाहिले. पण त्याला त्यांत शंभर कौरव दिसले, पांच पांडव दिसले, तीन टोंकांत ब्रह्मा, विष्णु व महेश दिसले, आणि मध्यभागीं श्रीकृष्ण दिसला. फूल एकच, परंतु प्रत्येक समाजानें त्यांत आपापलें पुराण वाचलें. पाहुणी घरची कशी होते याचें याहून सुंदर उदाहरण सांपडणें कठीण.

मधुमालतीची कथा याहून निराळी. संध्याकाळीं पांढरी उमलणारी, दुसऱ्या दिवशीं गुलाबी व त्यानंतर तांबडी होणारी ही फुलें ज्यानें युरोपच्या नजरेस आणून दिलीं, त्यानें स्वतः आयुष्याचा उत्तरार्ध अंधारांत घालविला. गेओर्ग रुम्फिउस हा डच कंपनीचा सेवक मोलुक्का बेटांतील अंबोन येथें राहत होता. इ. स. १६७० सालीं त्याची दृष्टि गेली. १६७४ च्या भूकंपांत त्याची पत्नी व मुलगी मृत्यु पावल्या. १६८७ च्या आगींत त्याचीं चित्रें जळालीं. त्यानंतर युरोपकडे पाठविलेलें हस्तलिखित जहाजाबरोबर समुद्रांत बुडालें. सुदैवानें त्याची एक प्रत मागें ठेवलेली होती. रुम्फिउस १७०२ सालीं वारला आणि त्याचा ग्रंथ १७४१ ते १७५० या काळांत छापून निघाला. मधुमालतीचें मलायी नांव उदानी. त्याचा ध्वनि डच भाषेंतील ‘कसा?’ या अर्थाच्या शब्दाशीं जुळतो हें पाहून रुम्फिउसनें लॅटिनमध्यें तिचें नांव ‘कोण? कशी?’ असें ठेवलें. कोवळेपणीं झुडुपासारखी उभी राहणारी आणि पुढें एकाएकीं वेल होऊन धांवत सुटणारी ही वनस्पति पाहून कोणालाहि तोच प्रश्न पडावा. आजच्या वनस्पतिशास्त्रज्ञांनीं तिला दुसऱ्या प्रजातींत घातलें असून तें नांव आतां मागें पडलें आहे. पण मधुमालतीचा स्वभाव पालटलेला नाहीं.

फुलवेलींच्या इतिहासांत सर्वांत विलक्षण प्रवास मात्र बोगनवेलीचा. लुई आंत्वान द बूगँव्हील हा फ्रेंच सेनानी इ. स. १७६६ सालीं पृथ्वीप्रदक्षिणेस निघाला. त्याच्या मोहिमेबरोबर फिलिबेर कॉमेर्सों नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता आणि कॉमेर्सोंबरोबर एक मदतनीस होता. १७६७ सालीं जहाजें ब्राझीलमधील रिओ दि जानेरो येथें थांबलीं असतां तेथें ही झळकणारी वेल गोळा करण्यांत आली आणि मोहिमेच्या प्रमुखाचें नांव तिला मिळालें. पुढें १७६८ सालीं ताहिती बेटावर एक गुपित फुटलें. दगडधोंड्यांतून ओझीं वाहणारा, डोंगर चढणारा तो मदतनीस पुरुष नसून झान बारे नांवाची स्त्री होती. त्या काळीं फ्रेंच आरमाराच्या जहाजावर स्त्रीला मनाई असल्यामुळें तिनें पुरुषवेष घेतला होता. कॉमेर्सोंच्या पायाला दुखणें असल्यामुळें रिओ येथें ही वेल प्रत्यक्ष तिनेंच तोडून आणली असावी, असें कांहीं अभ्यासक मानतात.

ती दोघें मॉरिशस बेटावर उतरलीं. कॉमेर्सों १७७३ सालीं तेथेंच वारला व त्याचे वनस्पतींचे नमुने पॅरिसला रवाना झाले. झान बारे नंतर फ्रान्सला परतली आणि पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करणारी इतिहासास माहीत असलेली पहिली स्त्री ठरली. १७८५ सालीं फ्रेंच आरमारानें तिला निवृत्तिवेतन दिलें. वेलीचें नांव मात्र १७८९ सालीं ज्युसियनें प्रसिद्ध केलें तें सेनानीचेंच. बारेच्या नांवानें एका वनस्पतीला ओळख मिळावयास २०१२ साल उजाडावें लागलें, आणि ती वनस्पतिहि बोगनवेल नव्हे, तर वांग्याच्या कुळांतील एक दूरची नातलग होती. फाटकावर डवरलेल्या बोगनवेलीकडे पाहतांना एवढी एक गोष्ट आठवावी: ज्याला लोक फूल म्हणतात तीं रंगीत पानें होत, खरें फूल मध्यें, लहान, पांढरट आणि सहसा दुर्लक्षित असतें. या वेलीच्या इतिहासाचेंहि तसेंच आहे.

बोगनवेल १८६० च्या सुमारास कलकत्त्यास आली असें मानलें जातें. तेथें विल्यम केरी यानें १८२० सालीं स्थापिलेली कृषि व उद्यान संस्था होती आणि परदेशी रोपांची देवघेव तिच्यामार्फत चाले. पश्चिम हिंदुस्थानांतहि हें कार्य सुरू झालेलें होतें. पुण्याजवळ दापोडी येथें १८२८ सालीं गव्हर्नर माल्कम यांच्या कारकीर्दींत सरकारी वनस्पति-उद्यान निघालें. पुढें डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांनीं तें वाढविलें. तेथील देशी-विदेशी वनस्पतींचीं चित्रें एका पोर्तुगीज-हिंदी चित्रकारानें काढलीं. चित्रें आज स्कॉटलंडमधील एडिंबरो येथें जतन केलेलीं आहेत, चित्रकाराचें नांव मात्र उरलेलें नाहीं. पुढें बोगनवेलीच्या नव्या नव्या जाती या देशांतच निर्माण झाल्या, आणि विसाव्या शतकाच्या सातव्या दशकांत या वेलीच्या जातींची जागतिक नोंद ठेवण्याचें काम नवी दिल्लीच्या भारतीय कृषि संशोधन संस्थेकडे आलें. ब्राझीलच्या कन्येची वंशावळ दिल्लीत लिहिली जाऊं लागली.

मराठी माणसानें या पाहुण्यांना जीं नांवें दिलीं त्यांत त्याची निरीक्षणशक्ति दिसून येते. ब्राझीलहून आलेली नारिंगी फुलांची वेल पौष-माघांत भिंत झांकून टाकते, म्हणून ती संक्रांतवेल झाली. उष्ण अमेरिकेंतून आलेली, बारीक पिसासारख्या पानांची व लाल चांदण्यांसारख्या फुलांची वेल गणेशवेल झाली. या नांवांत पंचांग आहे. संक्रांतवेल हें नांव ज्यानें ठेवलें, त्यानें तिच्या छाटणीचा नियमहि अप्रत्यक्षपणें सांगून ठेवला: संक्रांतीपूर्वीं हिला हात लावूं नये.

आतां निवडीचा प्रश्न. वेल कशी चढते हें ठाऊक नसतां तिला आधार देणें व्यर्थ होय. या विषयाचा पद्धतशीर अभ्यास चार्ल्स डार्विननें केला. आजारपणामुळें खोलींत पडून असतांना त्यानें कुंडींतील वेली दिवसरात्र न्याहाळल्या. बिअरमध्यें घालतात त्या हॉपच्या वेलीचा शेंडा सुमारें दोन तास आठ मिनिटांत हवेंत एक फेरी पुरी करतो, आणि कृष्णकमळाच्या एका भाऊबंदाचा तणावा काडीचा स्पर्श होतांच सुमारें अर्ध्या मिनिटांत वळूं लागतो, हें त्यानें घड्याळ लावून मोजलें. १८६५ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निबंधांत वेलींचे चढण्याच्या रीतीप्रमाणें वर्ग पाडलेले आहेत: खोडानें विळखा घालणाऱ्या, पानांच्या देठांनीं वा तणाव्यांनीं धरणाऱ्या, आंकड्यांनीं अडकणाऱ्या आणि मुळांनीं चिकटणाऱ्या.

गृहस्थाच्या बागेला हे वर्ग फार उपयोगी पडतात. गोकर्ण व निळी पेट्रिया या विळखा घालतात. त्यांना उभा खांब वा दोरी द्यावी. कृष्णकमळ व संक्रांतवेल तणाव्यांनीं धरतात. त्यांना बारीक तार किंवा जाळी हवी, जाड खांब त्यांच्या मुठींत मावत नाहीं. मधुमालतीचीं पानें गळालीं कीं देठाचा बुडखा मागें राहून कठीण आंकडा होतो. ती झाडावर वा भक्कम कमानीवर सोडावी. बोगनवेलीला कांटे असले तरी ती आपण होऊन नीट चढत नाहीं. तिला बांधावें लागतें. मुळांनीं चिकटणारी वेल मात्र चुन्याच्या जुन्या भिंतीवर चढवूं नये, कारण ती भिंतीचा गिलावा बरोबर घेऊनच उतरते. वेल आवडली म्हणून आणणें आणि मग तिला जागा शोधणें हा उलटा क्रम होय. प्रथम जागा, नंतर ऊन, नंतर आधार, आणि शेवटीं वेल, असा विचार केला तर पुढें कात्रीचें काम निम्मे होतें.

कात्रीचें काम काय आहे, हें १९३३ सालीं अमेरिकेंत थिमन व स्कूग या दोन शास्त्रज्ञांनीं उलगडून दाखविलें. फांदीच्या शेंड्यांत एक वाढद्रव्य तयार होतें, तें खालीं उतरतें आणि बगलेंतील डोळ्यांना निद्रित ठेवतें. शेंडा खुडला कीं डोळे जागे होतात. परंतु कापलेल्या जागीं तेंच द्रव्य लावलें तर ते पुन्हा झोंपून राहतात. २००८ सालीं मुळांकडून वर येणारें आणखी एक द्रव्य या नियंत्रणांत भाग घेतें असें आढळून आलें. माळ्याला हें तत्त्व व्यवहारानें पूर्वींच ठाऊक होतें. फांदी उभी न सोडतां आडवी बांधली म्हणजे शेंड्याची सत्ता सैल होते, डोळ्याडोळ्यांतून धुमारे फुटतात आणि फूल वेलभर पसरतें. ज्या वेलीचीं सर्व फुलें शेजाऱ्याच्या गच्चीवर उमलतात आणि घरधन्याच्या वांट्याला फक्त उघडीं खोडें येतात, ती वेल लहानपणीं आडवी बांधलेली नसते.

मात्र छाटणीचा मुहूर्त ठरविणारा खरा प्रश्न एकच: फूल कोणत्या फांदीवर येतें? त्याचें उत्तर पाहिजे तर नाशिकच्या द्राक्षमळ्यांकडे पाहावें. तेथील शेतकरी वेल वर्षांतून दोनदां छाटतो. एप्रिलमध्यें खरड छाटणी करून तो नव्या काड्या वाढवितो, त्या काड्यांच्या डोळ्यांत उन्हाळ्यांतच घड धरले जातात, आणि ऑक्टोबरमध्यें गोडी छाटणी करून तो ते घड बाहेर काढतो. एका छाटणींत फळाची तयारी असते, दुसरींत फळ असतें. दोन्हींची अदलाबदल केली तर मळा पानांनीं भरेल आणि टोपल्या रिकाम्या राहतील.

फुलवेलींनाहि हाच न्याय लागतो. मोगरा, जाई, जुई यांचीं फुलें नव्या धुमाऱ्यांवर येतात. म्हणून पौषांत, वेल सुस्तावलेली असतांना, त्यांना हात राखून न ठेवतां छाटावें. त्यापूर्वीं कांहीं दिवस पाणी तोडून ताण द्यावा, छाटणीनंतर खत घालावें व मग पाणी सोडावें. बहार धरण्याची हीच जुनी रीत होय. मधुमालतीहि नव्या वाढीवर फुलते. तिलाहि हिवाळ्यांत आटोपशीर करावी. बोगनवेलीचीं फुलेंहि नव्या धुमाऱ्यांवरच येतात. पण तिचा मोठा बहर हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत चालतो, म्हणून तो ओसरल्यावर, पावसाच्या तोंडाशीं, तिची कापणी करावी, आणि पाऊस सरल्यावर तिला पाणी बेताचेंच द्यावें. भरपूर पाणी मिळालें कीं ती पानांतच रमते. याउलट संक्रांतवेल, पेट्रिया व माधवी या वर्षभर पिकत आलेल्या फांद्यांच्या शेंड्यांवर एकदांच जोरानें फुलतात. त्यांचीं फुलें सरतांच, फाल्गुन ते वैशाखाच्या दरम्यान, कात्री लावावी, म्हणजे पुढील बहरासाठीं त्यांना संबंध पावसाळा मिळतो. पाऊस सरल्यावर त्यांना कापणें म्हणजे उभें पीक कापणें.

येथवर पाहुण्या आल्या त्यांची हकीकत झाली. परंतु एक पाहुणी या देशांतून बाहेरहि गेली, आणि ती कथा सांगितल्यावांचून हा इतिहास पुरा होत नाहीं. कालिदासाची लाडकी माधवी, जिला मराठींत हळदवेलहि म्हणतात, ती शोभेसाठीं परदेशीं नेण्यांत आली. येथें तिच्यावर कीटकांचा, उन्हाळ्याचा व शेजारच्या झाडांचा धाक असतो. तिकडे तो उरला नाहीं. पंख असलेलीं तिचीं फळें वाऱ्यावर उडून रानांत रुजलीं, आणि मॉरिशस व रेयुन्यों या बेटांवर ती देशी झाडांवर चढून त्यांना गुदमरवूं लागली. जगांतील शंभर अत्यंत उपद्रवी परकीय जीवांची जी यादी २००० सालीं प्रसिद्ध झाली, तींत शाकुंतलांतील या माधवीचें नांव आहे. ज्या मॉरिशसमध्यें कॉमेर्सोंचा अंत झाला व झान बारेनें उपजीविकेसाठीं कष्ट केले, त्याच बेटावर आज माळ्याला नव्हे, तर वनरक्षकाला माधवीवर कोयता चालवावा लागतो.

वेल स्वतः ना सुष्ट असते ना दुष्ट. तिला चढणें तेवढें ठाऊक असतें. कोठें चढावें आणि कोठें थांबावें हें ठरविण्याचें काम तिला दारीं आणणाऱ्या माणसाकडे येतें. वराहमिहिरानें शस्त्राला चिकित्सेंत पहिलें स्थान दिलें तें याच जाणिवेनें. पुढच्या दिवाळीस माळी कात्री घेऊन येईल, तेव्हां त्यानें संक्रांतवेलीपाशीं क्षणभर थांबून तिच्या नांवाचा अर्थ आठवला, तरी जानेवारींत ती भिंत पुन्हा नारिंगी होईल.